बाबांचं अफीमचं कार्ड

"कापा रे, पाय कापा माया! कमरेपासून कापा अन् फेका त्या नाल्यात!"

भर दुपारी बारा वाजता बाबा ओरडत होते. आमची भाजीची वाडी सिंदीच्या स्टेशनापासून अर्ध्या कोसावर, पण मी शपथेवर सांगतो, ते ओरडणं ऐकून फलाटावर उभ्या असलेल्या पॅसेंजरचा गार्ड खाली उतरला आणि चाकाखाली कोणी सापडलं का म्हणून वाकून पाहायला लागला. बरं, गार्डाचं मी थोडं वाढवलं. ओरडण्याचं वाढवलेलं नाही.

माय वांग्याच्या वाफ्यात पाणी वळवत होती. ती उठली नाही. वाफ्याची फुटलेली कड हातानं चिखल लावून बुजवत राहिली. चार दिवसांपासून तिनं उठणं सोडलं होतं, कारण उठून करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेल चोळून झालं होतं, विटेनं शेकून झालं होतं, निरगुडीचा पाला बांधून झाला होता. बाबांच्या बाजेखाली पितळेची एक डबी पडली होती, झाकण उघडं. बाबांनी तिच्यात पाणी घालून, बोटानं खरवडून, तेही पिऊन टाकलं होतं. डबी इतकी लखलखीत झाली होती की देवापुढे ठेवली असती तर शोभली असती.

त्या डबीत अफू असे. आमच्याकडे अफीम म्हणतात. आणि चोरीची नव्हे बरं का, सरकारच्या हातची.

सत्तर सालानंतरची गोष्ट. केळझरच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी होणार म्हणून बाबांनी बैलगाडी भाजीनं भरली. किती भरली? बाजारात मी पन्नास टोपली वांगी सांगायचो, पुढे पुढे ती सत्तर झाली. वीसेक असावीत. नाल्याच्या उतारावर बैल बुजले, गाडी उलटली आणि भरल्या गाडीचं चाक बाबांच्या कमरेवरून गेलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. तेव्हापासून बाबांच्या कमरेत कोणीतरी कायमचा बिऱ्हाड करून राहिला. दिवसा करवत चालवायचा, संध्याकाळी निखारे पसरायचा.

सिंदीचे म्हातारे डॉक्टर सायकलवरून येत. त्यांनी दोन वर्षं जे होतं ते सगळं देऊन पाहिलं आणि शेवटी स्वतः अर्ज लिहून बाबांना अफीमचं कार्ड काढून दिलं. त्या काळी तशी यादीच होती. ज्याला दुखण्यापायी अफीमशिवाय चालत नाही असं डॉक्टरनं लिहून दिलं, त्याचं नाव सरकारच्या यादीत. वर्षाला एकदा डॉक्टरची चिठ्ठी, महिन्याला एकदा वर्ध्याच्या दुकानातून मापून मिळणारा काळा गोळा. कार्डावर बाबांचा फोटो होता. फोटोपुरता कोट स्टेशनमास्तरचा होता, म्हणून बाबा त्यात तिकीट मागताहेत असं वाटायचं.

सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. तुरीच्या दाण्याएवढी. ती घेऊन बाबा काय करत? कोणी विचारलं की मी सांगायचो, आमचे बाबा अफीम घेतात आणि निंदण करतात. हीच त्यांची नशा. आमचा जिल्हा दारूबंदीचा. सरकारनं दारू बंद केली तसा एकेक नाला मोहाच्या वासानं घमघमायला लागला, कोल्हे झिंगून दिवसा गावात यायचे. पण बाबांनी थेंब तोंडाला लावला नाही. गोळी घेतली की अर्ध्या तासानं ते उठत, विळा घेत आणि वाफ्यात उकिडवे बसत. दहा-बारा वर्षं आमच्या वाडीतली मेथी, पालक, वांगी त्या दोन दाण्यांवर उगवली.

मग दिल्लीला नवा कायदा झाला. गांजा, अफीम, गर्द सगळं एका कायद्यात बांधलं. मुंबईकडे पोरं गर्दापायी मरत होती म्हणे, आणि असतीलच, त्यांच्यासाठी कायदा हवाच होता. पण कायद्याला आमचे बाबा आणि तो गर्दवाला ह्यांच्यातला फरक दिसला नाही. सिंदीच्या डॉक्टरांकडे कपाटात इंजेक्शनांची एक पेटी असायची, बाबांचं फारच झालं तर त्यातलं देत. ती त्यांनी स्वतः नेऊन जमा केली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तुझ्या बापाला काय द्यायचं ते मला ठाऊक आहे. पण एक कागद चुकला तर दहा वर्षं आत. मी आता सत्तरीचा आहे." आणि कार्डवाल्यांना हुकूम आला की सगळ्यांनी वर्ध्याला हजर व्हावं. साहेब डॉक्टर तपासतील. ज्याला खरी गरज त्याचं नाव राहील, बाकीची कटतील.

मला आनंदच झाला. खरी गरज म्हणजे आमचीच की. जिल्ह्यात एक नाव राहिलं तर ते बाबांचं राहील, असं मी बाजारभर सांगत फिरलो.

आता आमची चूक ऐका. अशी चूक करायला आमच्यासारखेच लोक लागतात. साहेबापुढे जायचं म्हणून बाबांनी आदल्या दिवशी दाढी केली. मायनं धोतर निळीत बुचकळून काढलं. मोठ्या माणसापुढे कण्हणं बरं नाही, कोणाच्या पाठीवर बसून जाणं त्याहून बरं नाही, म्हणून बाबांनी सकाळीच दोन्ही गोळ्या तोंडात टाकल्या. सकाळची आणि संध्याकाळची. डोक्यावर पांढरी टोपी, हातात वांग्यांची टोपली, कारण रिकाम्या हातानं जायचं नाही. वर्ध्याला स्टेशनावर उतरले ते थेट कचेरीपर्यंत चालत. मी मागून पाहत होतो. एवढे ताठ ते कोणाच्या लग्नातही चालले नव्हते.

साहेब डॉक्टर चष्मेवाले, मान खाली घालून लिहिणारे. बाबा दाराजवळ उभे राहिले, कचेरीत ते नेहमी राहत तसेच. साहेबांनी विचारलं, काय त्रास आहे? आणि मी सुरू झालो.

मी बाजारात वांगी विकणारा माणूस. माझ्या तोंडी एक वांगं एका घरी तीन दिवस पुरतं. मी सांगितलं की बाबा बारा वर्षांत एकदाही झोपले नाहीत. ओरडतात तेव्हा विहिरीचं पाणी हलतं. नागपूरची गाडी सिंदीला थांबते ती सिग्नलमुळे नव्हे, ड्रायव्हरला वाटतं कोणीतरी मरतंय. आणखीही बोललो. साहेबांची लेखणी थांबली. त्यांनी पहिल्यांदा मान वर केली आणि माझ्याकडे नाही, बाबांकडे पाहिलं. इस्त्रीचं धोतर, तुळतुळीत दाढी, हातात टोपली. हसू आवरत त्यांनी विचारलं, "खरं का हो बाबा?"

बाबांना माझी लाज वाटली. ते म्हणाले, "बाजारात बसते जी तो. बोलाची सवय हाये त्याले. बरं हाये, तुमच्या कृपेनं."

साहेबांनी लिहिलं. बाहेर बाबूनं कार्ड परत दिलं तेव्हा त्यावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत लाल रेघ होती. साहेबांनी वांगी घेतली नाहीत. बाबांनी ती शिपायाजवळ ठेवली आणि त्यालाही हात जोडले. उरलेला गोळा त्यांनी मुगाएवढ्या, मग मोहरीएवढ्या गोळ्या करून पुरवला. मग डबी धुऊन प्याले. मग ते ओरडणं सुरू झालं, जिथून मी ही गोष्ट सांगायला घेतली.

पहिले आठ दिवस अंगातून अफीम निघत होती. नाक गळे, हातपायांना झटके येत, अंथरूण भिजे. सिंदीचे डॉक्टर म्हणाले हे जाईल, आणि ते गेलं. मी म्हटलं सुटलो. पण ते गेल्यावर खाली जे निघालं ते निव्वळ दुखणं होतं. बारा वर्षं झाकून ठेवलेलं, आणि झाकणाखाली वाढलेलं. डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या, त्या गोळ्यांनी पोट जळालं, कंबर तशीच. मी एकदा कोबीखाली लपवून मोहाची बाटली आणली. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा दारू तोंडाला लावली, ओकले, आणि ओकून झाल्यावर रडले. दुखण्यानं नव्हे. शेजारच्या वाडीवाल्यानं वास घेतला असेल म्हणून.

मग सडकेवरच्या एका ट्रकवाल्यानं मला कागदात गुंडाळलेला काळा गोळा दिला. दहा वर्षं आत, हे मला पाठ होतं. त्या दिवशी सडकेपासून वाडीपर्यंत मी जे चाललो ते मला आजही स्वप्नात चालावं लागतं. प्रत्येक बाभळीमागे मला खाकी दिसत होती. घरी आणून बाबांना दिला. गूळ निघाला. गूळ, काजळी आणि कसला तरी चीक. बाबांनी चाटून पाहिलं आणि म्हणाले, "गोड हाये." त्याहून वाईट शब्द मी आयुष्यात ऐकला नाही.

मी तेव्हा कोणाकोणाच्या पाया पडलो त्याची गणती नाही. इथे मला वाढवायची गरज नाही. त्या कचेरीतला बाबू भला माणूस होता, त्यानं सांगितलं की पुन्हा तपासणीचा अर्ज करता येतो, एकदाच. सिंदीच्या डॉक्टरांनी अर्ज लिहिला. उत्तराची वाट पाहण्यात थंडी गेली, ऊन आलं. एक दिवस बाबांनी मायला सहज विचारावं तसं विचारलं, "फवारणीचं औषध कुठं ठेवलं वं?" माय म्हणाली, संपलं. संध्याकाळी तिनं तो डबा पदराखाली घेऊन शेजारच्या वाडीत नेऊन ठेवला. विहिरीचा दोर काढून नेला, विळेही नेले. शेजाऱ्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. त्या दिवसापासून आम्ही पाणी काढायला दोर मागून आणायचो आणि परत नेऊन द्यायचो. वाफ्यात गवत कमरेएवढं झालं, कारण निंदायला विळा मागायलाही जावं लागे.

आणि मग कागद आला. अमक्या तारखेला हजर व्हावं. ही शेवटची तपासणी.

मी पालथ्या टोपलीवर साहेब होऊन बसलो. बाबा समोर बाजेवर आडवे. मी विचारलं, "काय बाबा, कसं काय?"

"बरं हाये."

"बरं हाये नोका म्हणू ना. दुखते म्हणा."

"हव. दुखते."

"हां. पुन्हा. काय बाबा, कसं काय?"

"बरं हाये जी."

असं किती वेळा झालं म्हणून सांगू. माय वाफ्यातून येऊन उभी राहिली. म्हणाली, माझ्यासमोर ओरडता तसं ओरडा. बाबा म्हणाले, "तू का साहेब हायेस?" ह्यावर आम्ही तिघंही हसलो. बाबा हसले आणि हसण्याची कळ कमरेत गेली तसे ओरडले. माय म्हणाली, बस, असंच.

आठ दिवसांत ते शिकले. "मरून राह्यलो जी, कार्ड परत द्या." हे ते असं म्हणायचे की मी टोपलीवरून उठून त्यांच्याजवळ जायचो. माझ्याकडून मायनं केळझरच्या गणपतीची शपथ घेतली, की मी साहेबापुढे तोंड उघडणार नाही. "तुया तोंडानं गेलं कार्ड," ती म्हणाली. ते खरंच होतं. मी शपथ घेतली.

निघायच्या दिवशी बाबांनी वस्तरा मागितला. मी दिला नाही. मी म्हटलं असेच चला, वाढल्या दाढीनं, मळक्या धोतरानं, साहेबाला दिसू द्या. ते म्हणाले, मंग मी येत नाई. मायनं दाढी केली, बाजेवर आडवे असताना, गालाला एक कापलं.

बैलगाडीतून स्टेशन, गाडीच्या डब्यात खाली फरशीवर. रुळाचा प्रत्येक सांधा बाबांच्या कमरेत वाजत होता. सिंदी ते वर्धा रुळाला किती सांधे आहेत ते रेल्वेला ठाऊक नसेल, मला ठाऊक आहे. वर्ध्याला मी त्यांना पाठीवर घेतलं. वाळल्या पऱ्हाटीच्या, कापसाच्या काड्यांच्या, भाऱ्याएवढं वजन. कचेरीचं दार तीस पावलांवर आलं तेव्हा कानाशी आवाज आला, "उतरव."

मी म्हटलं, नाही.

"उतरव म्हणतो ना पोरा."

उतरवलं. भिंतीला हात लावत ते गेले. तीस पावलांना, सांगितलं तर खोटं वाटेल, एक आख्खी पॅसेंजर येऊन गेली असती. दारात त्यांनी भिंतीवरचा हात काढला आणि टोपी सारखी केली.

आत साहेब नवीन होते. तरुण, माझ्याहून लहान. बाबांना दारात पाहिलं आणि ते उठून उभे राहिले. खोलीत एकच खुर्ची होती, त्यांची. ती त्यांनी टेबलामागून ओढत आणली, पुसली आणि म्हणाले, "बसा बाबा. दुरून आलात."

बाबांनी खुर्चीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला हात हलवून सांगायचं होतं की नको, बसू नका. घरी ते बिडी संपेपर्यंतही कशावर बसू शकत नव्हते. पण ते बसले. पाठ टेकवून, दोन्ही हात गुडघ्यांवर, फोटो काढायला बसल्यासारखे. साहेब टेबलाच्या कडेला टेकले आणि वाकून, हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आता कसं वाटतं बाबा?"

बाबांच्या कपाळावरून घाम निघाला. भुवईवर थांबला, नाकावरून उतरला आणि गुडघ्यावरच्या हातावर पडला. मी पाहत होतो. दुसरा थेंब पडला. माझे दात एकमेकांत रुतले होते. म्हणा. मरून राह्यलो जी. म्हणा ना.

"बरं वाटते जी," बाबा म्हणाले.

साहेब चांगले होते. त्यांनी पुन्हा विचारलं, फार दुखतं का, असेल तसं सांगा, तुम्ही सांगाल ते मी लिहीन. बाबा म्हणाले की वयच झालं आता, तुम्ही कशाला एवढा त्रास घेता.

मी शपथ मोडली. आयुष्यात पहिल्यांदा मी जेवढ्यास तेवढं बोललो. म्हटलं, "साहेब, ते खोटं सांगून राह्यले. त्याईले दुखते."

साहेबांनी टेबलावरची जुनी फाईल उघडली. पहिल्या साहेबांचं लिहिलेलं वाचलं. वाचता वाचता त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. "तुमच्याबद्दल इथे लिहिलेलं आहे," ते म्हणाले. रागानं नाही. फाईल त्यांनी माझ्याकडे वळवली, पण ती इंग्रजीत होती. मग त्यांनी बाबांना उभं राहता येईल का विचारलं. बाबा उभे राहिले. वाकता येईल का? बाबा वाकले. साहेबांनी पान उलटलं आणि लिहायला लागले.

ते कार्ड माझ्याजवळ आहे. तेच जुनं, लाल रेघेचं, स्टेशनमास्तरच्या कोटाचं. त्यानंतर बाबा तेरा महिने जगले. त्या तेरा महिन्यांबद्दल मी काही सांगत नाही. बाजारात लोक आजही म्हणतात, ते रेल्वे थांबायचं सांग. मी सांगतो. ह्या तेरा महिन्यांचं कोणी विचारलं की मी वांगी मांडायला लागतो.

त्या दिवशी परतीची गाडी यायला उशीर होता. फलाटाच्या टोकाला, लोकांपासून दूर, मी माझा शर्ट अंथरला आणि बाबांना त्यावर कुशीवर निजवलं. त्यांनी टोपीचा बोळा करून दातांत धरला होता. मी आधी शिव्या दिल्या, कायद्याला, साहेबाला, त्या बैलांना. मग मला रडू आलं. मग मी विचारलं, "बाबा, काऊन म्हटलं असं? आठ दिवस शिकवलं तुमाले. काऊन?"

त्यांनी तोंडातली टोपी काढली.

"त्यानं खुर्ची देली ना," बाबा म्हणाले.